मानाचं पोतं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकटात आली. वरती कपाशीचं बोंड छापलं आहे, अनं आतल्या रेघा अशा फिक्या का दिसतच नाईत. फुकटाचा माल असाच राह्यते. माह्या नातीनं, आचलनं, काल दसऱ्याच्या सोन्यासंगं मले देल्ली.

"आजी, मनात जे जे येईन ते याच्यात लिहून टाकजो. म्हणजे तोंडावाटे बाहेर पडणार नाई."

माही शाळा चौथीत सुटली. लिहिता येते, पण आतापर्यंत मले जे बोलायचं होतं ते मी बोलून टाकत होती, तर लिहायले काही उरतच नवतं. आता पोट्टी म्हणते तर लिहिते.

आचल माह्या पोराची, निकेशची पोरगी. बापाचं घर पुलगावले अनं काम इथं, म्हणून ती माह्यापाशी अल्लीपुरात राह्यते. मी डाळ मिलमधे निवडणीले जाते. तिथंच तिले ऑफिसात कम्प्युटरवर घेतलं, पण कच्च्यावर. पक्कं करायचं का नाई ते दिवाळीच्या जेवणानंतर मालक ठरवणार. मुनीम प्रभाकरराव तिले म्हणाले, "पोरी, काम तुहं चांगलं आहे. जेवणाच्या दिवशी आजीले सांभाळ म्हणजे झालं."

मले सांभाळ! मी काय सांड आहे?

मागच्या साली जेवणाच्या आधी मालकीणबाईनं संगीत खुर्ची ठेवली होती. शेवटी खुर्ची एक अनं बाया दोन, मी अनं मुनीमजीची बायको. गाणं थांबलं. मी बसली. ती माह्या मांडीवर बसली. म्या उठवली, तर ती जाऊन रोडग्याच्या टोपल्यात बसली. याच्यात माही काय चूक? खुर्ची माही होती. रोडगे तर सगळ्यांनी तसेच खाल्ले.

मंग मालकानं स्टीलचे डबे वाटले. म्या इतकंच म्हटलं का मालक, औंदाचा डबा फुंकला तर उडते.

खोटं होतं का?

७ ऑक्टोबर, मंगळवार

कुंता पोळ्यानंतर कामावर लागली. गिरडकडची आहे, इथं लेकीच्या घरी राह्यते. वयानं माह्याइतकीच असंन, पण पदर असा घेते जशी कालच लग्न होऊन आली. आवाज म्हणजे ताकावरचं लोणी. कोणाले 'सरक' म्हणायचं असंन तर म्हणते, "थोडी जागा होईन का वो बाई?" अनं बाया सरकतात! मी तीन वेळा ओरडली तरी सरकत नाईत.

मुनीमजी तिले "कुंताबाई" म्हणतात. मले "ए पंचफुला". मुनीमजीच्या डोक्यावर केस होते तवापासून मी त्या मिलमधे आहे.

अनं आचल तिले "मावशी" म्हणते.

सख्खी आजी बाजूले बसली असताना ही पोट्टी दुपारी तिच्या डब्यातल्या पाटोड्या खाते. माह्या डब्यात काय माती असते? म्या विचारलं, तर म्हणे, "तुह्या हातचं रोजच खाते ना आजी."

रोजचं झालं का माणूस असं शिळं होते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मिलमधल्या ट्यूबा मालकानं बदलल्या वाटते. मेणबत्तीसारखा उजेड पडून राह्यला. संगं निवडणाऱ्या नलूले म्हटलं तर ती म्हणे, "नाई वो, त्याच आहेत." तिले काय कळते. चाळणीत अनं सुपात फरक न कळणारी बाई.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चोर पकडली. हातोहात पकडली.

आमचं काम असं असते: जिचं तिचं सूप, जिचा तिचा ढीग. खडे, कुजके दाणे, मातीचे गोळे काढायचे, चांगली डाळ पोत्यात भरायची, अनं पोत्याले आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. माही चिंधी हिरवी, कुंताची लाल. माल वापस आला तर चिंधी पाहून कळते का कोणाचा.

तर आज मी निवडून राह्यली अनं बाजूने एक हात हळूच माह्या निवडलेल्या ढिगात आला. चिमटीनं काहीतरी उचललं अनं गेला. मंग पुन्हा आला. कुंता! म्या तिचं मनगट धरलं.

"काय नेऊन राह्यली वो?"

"काई नाई बाई. तुमच्या पदरावरचा कचरा झटकत होती."

कचरा माह्या पदरावर अनं हात माह्या ढिगात? माही निवडलेली साफ डाळ ती आपल्या ढिगात नेते, म्हणून तिचा माल चांगला म्हणतात. उन्हाळ्यात माही दोन पोती दुकानदाराकडून वापस आली होती. मुनीमजीनं सगळ्यांपुढं मले बोलून घेतलं होतं. ती आल्यापासून एकही वापस आलं नाई. म्हणजे माहं काम सुधारलं! कोणी म्हटलं का तसं? नाई. गावभर नाव कुंताचं.

घरी आल्यावर आचलले सगळं सांगतलं. ती घासलेलं पातेलं घेऊन पुन्हा घासत बसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रभाकररावांनी सगळ्या बायांले अंगणात उभं केलं. हातात कागद होता, पण सारखं माह्याकडेच पाहून वाचत होते.

"जेवण २६ तारखेले, रविवारी. मालकाचे व्याही नागपूरवरून येऊन राह्यले. पाहुण्यांचं ताट वाढल्याशिवाय कोणी रोडग्याले हात लावणार नाई. जेवताना मालकापुढं मजुरीचा विषय काढायचा नाई. पदरात बांधून काही न्यायचं नाई. भेटवस्तू जशी असंन तशी घ्यायची, फुंकून पाहायची नाई."

बाया हसल्या. नलू तर जास्तच हसली.

"अनं खेळात धक्काबुक्की करायची नाई," मुनीमजी म्हणाले.

म्या म्हटलं, "मुनीमजी, श्वास घ्यायचा का नाई, ते पण सांगून टाका."

"तो हळू घेजो, पंचफुला."

याच्यानंतर त्यांनी जे सांगतलं ते ऐकून माहे कान तापले. आमच्या मिलमधे या जेवणाचं वरण सगळ्यात जुन्या बाईच्या पोत्यातल्या डाळीचं होते. मानाचं पोतं म्हणतात त्याले. पंगत बसली का मालक वाटी उचलून विचारते, "आज कोणाची डाळ?" अनं सगळी पंगत नाव घेऊन ओरडते. सरूबुढी वारली तवापासून दरवर्षी माहं नाव ओरडत होते. "पंचफुलाची!" बस. सालभरात तेवढंच एक सुख असते माहं. दुसरं कोणतं सुख आहे?

मुनीमजी म्हणाले, "औंदा मानाचं पोतं कुंताबाईचं राह्यन. माल साफ आहे तिचा."

म्या तोंड उघडलं. ऑफिसच्या खिडकीत आचल उभी होती. म्या तोंड मिटलं. दाढा दुखून राह्यल्या अजून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जागा बदलली. कुंताच्या बाजूची उठून पार भिंतीपाशी, कोठीच्या कोपऱ्यात सूप टाकलं. तिथं उजेड अजूनच कमी आहे, पण कोणाचा हात तर येत नाई.

कुंता मागं मागं आली. "बाई, इथं अंधार आहे वो. चला ना तिकडे."

"काऊन? तिकडे तुले माही डाळ जवळ पडते म्हणून?"

गेली परत. दिवसभर एकटीनं निवडलं. आता हे पोतं भरंन ते निव्वळ माहं. याले दुसऱ्या कोणाचा हात लागला नाई.

आचल रात्री जेवली नाई नीट.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

आचल कुंताच्या घरच्या चकल्या घेऊन आली. मीठ बरोबर पडलं का पाहायले एक खाल्ली. एकीत समजलं नाई. पाचवीत समजलं का बरोबर आहे.

दिव्यांच्या भवती औंदा इंद्रधनुष्यासारखे गोल दिसून राह्यले. तेलात भेसळ असंन.

आचल म्हणे, "आजी, एक दिवस सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन येऊ, डोळे दाखवू." म्या म्हटलं, "डोळे दाखवायचे असतील तर तुह्या मावशीले दाखव, ती पाहते तुह्याकडे." पोट्टी रडली. सणासुदीले रडते. म्या लाडू देल्ला, नाई घेतला.

माह्या जिभेले हाड नाई, हे मले माहीत आहे. पण तिच्या पायाले चाकं आहेत का कुंताकडे जायले?

२५ ऑक्टोबर, शनिवार

लिहू का नको, असं झालं. पण डायरी त्याच्यासाठीच देल्ली आहे.

कोठीच्या दारातल्या फळीवर दोन पोती होती. एक कुंताचं, लाल चिंधीचं, उद्याच्या वरणासाठी काढून ठेवलं होतं. त्याच्या बाजूले माहं, भिंतीपाशी बसून भरलेलं, हिरव्या चिंधीचं. दुपारी सगळ्या बाया हापशीवर हात धुवायले गेल्या. म्या दोन्ही चिंध्या सोडल्या. लाल माह्या पोत्याले बांधली, हिरवी तिच्या.

आचलले वचन देल्लं आहे का उद्या तोंडातून वाकडा शब्द काढणार नाई. काढणारच नाई! ओरडू दे उद्या पंगतीले "कुंताची, कुंताची" म्हणून. नाव तिचं राह्यन, पण पोटात माही डाळ राह्यन. मालकाच्या, व्याह्याच्या, मुनीमजीच्या अनं खुद्द कुंताच्या पण. मी मनातल्या मनात हसीन. मनातल्या हसण्याले तर मुनीमजीच्या कागदात मनाई नाई?

२७ ऑक्टोबर, सोमवार

कालचं आज सकाळी लिहून राह्यली.

पहिले तर सांगते का मी किती चांगली वागली. लिंबू-चमच्याच्या खेळात गेलीच नाई, बसून टाळ्या वाजवल्या. भेटीत प्लास्टिकची पाण्याची बाटली देल्ली, मी म्हटलं, "वा, छान आहे." मुनीमजीची बायको समोरून गेली, मी म्हटलं, "या, बसा." ती बसली नाई, उभीच राह्यली, ते तिचं नशीब. आचलनं सांगतलं होतं का फक्त हसत राह्यजो, तर मी इतकी हसली का मालकीण सुलोचनाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "पंचफुलाबाई, दात दुखून राह्यला का तुमचा?"

मंग वाळवणाच्या अंगणात मांडवाखाली पंगत बसली. गोवऱ्यांच्या आरातून काढलेले गरम रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. आचल कुंताच्या बाजूले बसली. म्या तेही गिळलं.

मालकानं वाटी उचलली. "आज कोणाची डाळ?"

"कुंताबाईचीऽऽ!"

मी पण ओरडली. सगळ्यात मोठ्यानं ओरडली.

व्याहीबुवांनी रोडगा कुस्करला, वरण कालवलं, तूप घेतलं, मोठा घास घेतला. अनं कटकन आवाज आला. दोन माणसं सोडून बसली होती मी, तरी ऐकू आला. व्याहीबुवांनी तळहातावर घास काढला. त्याच्यात वाटाण्याएवढा खडा, अनं खड्यासंगं अर्धा दात.

आचारी प्रेमदास पळवाट शोधत म्हणे, "मालक, म्या तर लाल चिंधी पाहूनच पोतं फोडलं." रिकामं पोतं अनं चिंधी तिथंच चुलीपाशी पडले होते.

मुनीमजी उठले. चेहरा वांग्यासारखा झाला होता. "कुंताबाई! मान देल्ला तुम्हाले, अनं पाहुण्यांपुढं असं तोंडघशी पाडलं?"

कुंता उठली. चुलीपाशी जाऊन चिंधी उचलली, गाठीवर बोट फिरवलं. मी डावखुरी आहे, माही गाठ उलटी पडते. दोन महिने बाजूले बसलेल्या बाईले ते समजणार नाई का? तिनं माह्याकडे पाह्यलं. आता बोलते, आता बोलते, असं मले झालं. पण ती मालकाकडे वळली अनं पदर पुढं घेतला.

"चुकलं मालक. माह्याच नजरेतून सुटला असंन."

खोटं काऊन सांगू? माह्या जिवाले एकदम गार वाटलं. पडली! साफ मालवाली पडली! घोटभर पाणी प्यायले लागते तेवढाच वेळ वाटलं. कारण मंग मालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. दुसरी कोणी असती तर शंभर बहाणे केले असते. लगेच कबूल केलं बाईनं, मन मोठं आहे." अनं नलू म्हणे, "हाव ना, अशी बाई सापडत नाई." अनं सगळ्या बाया चुकचुकायले लागल्या. तिच्यासाठी!

खडा माहा, अनं मन तिचं मोठं?

मी उठली. ताट लवंडलं.

"बस वो खाली, कुंते! डाळ माही आहे! ते वरण माहं आहे, अनं तो खडा पण माहाच आहे! चिंध्या म्या बदलल्या. माह्या मालावर तुहं नाव काऊन लागते नेहमी?"

आचलचं तोंड कसं झालं असंन ते मले तितक्या लांबून दिसलं नाई. बरंच झालं. मंग तिचा आवाज ऐकू आला. असा बारीक, जशी पहिलीत कविता म्हणत होती.

"मालक, आजीला दिसत नाही नीट. मला माहीत होतं. मीच कुंतामावशीला सांगितलं होतं की तिची डाळ पुन्हा एकदा पाहत जा. आजीला कळू देऊ नका म्हटलं. लपवलं मी."

"कोणाले दिसत नाई?" मी गर्रकन वळली अनं तिच्या अंगावर बोट रोखलं. "मले दिसत नाई? तुह्या आईची शप्पत घेऊन सांग!"

ती आचल नवती. मालकाची सून मंजुषा होती. साडीचा रंग एकच होता.

तवा कोणी हसलं नाई. हसले असते तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज पुन्हा लिहून राह्यली, कारण दुपारी मालकानं आचलले बोलावलं होतं. मी घरी बसून होती. कामावर जायचं तोंड नवतं. उंबरठ्यावर बसून वाट पाहत होती. रस्त्यावर कोणी आलं का वाटे तीच आहे. तीनदा दुसऱ्याच पोरींले हाक मारली.

ती आली. माह्या बाजूले बसली.

"ठेवलं मले. पक्कं केलं. मालक म्हणाले, तुमच्या घरात कोणाच्या पोटात काही राह्यत नाई, हिशेबाले असंच माणूस बरं."

"अनं मले काय म्हणाले?"

"डोळे चांगले झाल्यावर ये म्हणाले. मुनीमजी म्हणाले, पुढच्या साली जेवणाचा डबा तुले घरपोच पाठवू."

म्हणजे पंगतीले बोलावणार नाईत. चांगलं आहे. वाढायचा त्रास वाचला.

मंग म्या विचारलं. "तुले समजलं का मले दिसत नाई, तर मले काऊन नाई सांगतलं? तिले काऊन सांगतलं? मी कोण होती तुही, अनं ती कोण?"

"तुले सांगितलं होतं ना आजी. दिवाळीले पुन्हा सांगितलं. तू काय म्हटलं आठवते का?"

आठवलं. पण आठवलं असं म्या म्हटलं नाई.

"मावशीपाशी काही मागितलं का ती हो म्हणते," आचल म्हणाली. "तुह्यापाशी काही मागायचं म्हणजे पहिले चार शिव्या खायच्या, मग तू हो म्हणते. माणूस कधी कधी थकते ना आजी."

हे मले त्या खड्याहून जास्त लागलं. लिहून ठेवलं. आता खोडणार नाई.

मोतीबिंदू असंन म्हणे, सेवाग्रामले दाखवू. निघाला तर ऑपरेशन करायचं. "येईन," म्हटलं. शिव्या न देता म्हटलं. दोनच देल्ल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पहिले केला, त्यातून आता दिसते. चष्मा काळा आहे अजून, पण दिसते. डायरीच्या रेघा चांगल्या निळ्याशार आहेत. माहंच लिहिणं सगळं रेघा सोडून शेतात घुसलेल्या म्हशीसारखं गेलं आहे. दुकानदाराले उगीच बोलली.

आज कामावर गेली. मिलमधे भक्क उजेड होता. ट्यूबा त्याच आहेत, म्या विचारलं नाई. भिंतीपाशी गेली नाई, जुन्या जागी, कुंताच्या बाजूले सूप टाकलं. ती म्हणाली, "या बाई." मी "हं" म्हटलं. माफी बिफी काही मागितली नाई. तिनंही वाट पाह्यली नाई.

पहिल्यांदा तिले नीट पाह्यलं. सुरकुत्या माह्याहून जास्त आहेत. समोरचा एक दात काळा आहे. लय बरं वाटलं. पण डोळे चांगले आहेत तिचे, मोठे, शांत. ते पण दिसलं, काय करता.

दुपारी आचल डबा घेऊन आली अनं आमच्या दोघींच्या मधे बसली. पाटोडी तिच्या डब्यातली घेतली, भाजी माह्या डब्यातली. म्या मोजलं नाई का कोणाचं जास्त खाल्लं. मोजलं. बरोबरीत होतं.

जेवण झाल्यावर सवयीनं कुंताचा हात माह्या ढिगात आला. फिरला. काही सापडलं नाई, तसाच परत गेला. म्या मनगट धरलं नाई.

मंग माही नजर तिच्या ढिगावर गेली. मधोमध, डाळीच्याच रंगाचा, एक खडा. कुंताच्या साफ मालात खडा! पोळ्यापासून मी या दिवसाची वाट पाहत होती. मुनीमजी समोरच उभे होते. नुसता आवाज द्यायचा बाकी होता. जीभ टाळूले लागली होती.

हात घातला. चिमटीनं उचलला. माह्या खड्याच्या टोपल्यात टाकला.

कुंतानं मान वर केली नाई. सूप पाखडता पाखडता म्हणाली, "चष्मा जमला का वो बाई?"

"जमला," म्या म्हटलं. "तुह्या सुपापुरता."